रोज नवी रानभाजी

महिनाभर रोज काही नवे करून पाहण्याचा संकल्प करणाऱ्यांनी आधी स्वयंपाकघराकडे वळावे. मृगाचा पाऊस पडला की कर्जत तालुक्यातील कशेळे परिसरात ठाकूर, कातकरी भगिनी रानातून शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंगी आणतात. रोज एक नवी भाजी घ्यावी. घासाघीस न करता घ्यावी आणि कृतीही विचारावी. शेवळाची खाज काकडाच्या फळांनी मारावी लागते. भारंगीचा कडूपणा उकडून पाणी पिळल्यावर उतरतो. हे शास्त्र त्या भगिनींच्या मुखी आहे. त्यांच्या मुलींना उद्या फ्लॉवरच प्रतिष्ठेचा वाटला, तर दोष कोणाचा? ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे न खाणाऱ्या आपल्या घरांत रानची भाजी वर्षातून एकदाच शिजावी, हे काही पटत नाही.