अतिसाराची चिकित्सा करताना मूत्राचा विसर नको

आषाढ लागला की आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील वैद्यांच्या दारी अतिसाराची बालके येऊ लागतात. विहिरींचे पाणी गढूळ झालेले असते, लंगोट-दुपटी वाळता वाळत नाहीत. जुलाब किती व कोणत्या रंगाचे झाले हे आई तपशिलाने सांगते. जायफळ उगाळून दिल्याचेही सांगते. आम्ही अग्नी, आम व मलस्वरूप यांचा विचार करून औषधयोजना करतो आणि बहुतेक बालके बरी होतात. परंतु काहींचा ज्वर जुलाब कमी होऊनही उतरत नाही. अशा बालकाचे मूत्र तपासले का, हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःस व मग व्यवसायबंधूंस विचारू इच्छितो.

दोन वर्षांखालील बालकाचा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग प्रौढाप्रमाणे स्पष्ट लक्षणांनी प्रकट होत नाही. ज्वर, वांती, स्तनपानाची अनिच्छा, चिडचिड, वजन न वाढणे आणि पातळ जुलाब एवढेच दिसते. म्हणजे ज्या अतिसारास आपण व्याधी समजतो, तो कधी कधी केवळ लक्षण असतो. दुसरी बाजूही आहे. हा संसर्ग बहुधा आंत्रातील ई. कोलाय जंतूमुळे होतो. अतिसारात मल गुह्यभागी लागून राहिला की त्या जंतूस वाट मिळते. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असल्याने ती अधिकच सोपी होते. निदान चुकले किंवा उपचारांस विलंब झाला, तर वृक्कावर कायमचे व्रण राहू शकतात आणि पुढे त्यातून उच्च रक्तदाब उद्भवू शकतो. चार दिवसांच्या दुर्लक्षाची किंमत बालकाने जन्मभर द्यावी, हे आम्हांस मान्य नाही.

हा विचार आपल्या शास्त्रास परका नाही. योगरत्नाकराने सांगितलेल्या अष्टविध परीक्षेत नाडीनंतर लगेच मूत्राचा क्रम येतो, मलाचा त्यानंतर. काश्यपसंहितेच्या वेदनाध्यायात, न बोलणाऱ्या बालकाचा मूत्रकृच्छ्र कसा ओळखावा हे सांगितले आहे: मूत्रत्यागाच्या वेळी वेदना, अंगावर काटा, ओठ चावणे आणि हाताने बस्तिप्रदेशास स्पर्श करणे. हा ग्रंथ 1938 मध्ये मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयाने छापून आपल्या हाती दिला. तरीही आपल्या केसपेपरवर जुलाबांची संख्या असते, मूत्राची नोंद मात्र क्वचितच आढळते.

प्रत्येक अतिसारी बालकाची तपासणी करावी, असे आमचे म्हणणे नाही. ज्वर दोन दिवसांहून अधिक टिकला, ज्वराचे अन्य कारण सापडले नाही, मूत्रत्यागाच्या वेळी बालक रडले, बालक अतिकृश असले किंवा पूर्वी असा संसर्ग होऊन गेला असेल, तर मूत्रपरीक्षण टाळू नये. तीन महिन्यांखालील बालकास ज्वर असल्यास आपल्याकडे न थांबवता तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

मूत्राचा नमुना प्रतिजैविक देण्यापूर्वी घ्यावा. नंतर घेतल्यास कल्चरमध्ये जंतू न वाढण्याचा संभव असतो. गुह्यभाग स्वच्छ धुऊन मधल्या धारेचे मूत्र निर्जंतुक बाटलीत घ्यावे. चिकटवलेल्या पिशवीतील मूत्रात मलातील जंतू सहज मिसळतात, अतिसारात तर हमखास. म्हणून केवळ त्यावरून संसर्गाचे निदान करू नये. वाडीवरून प्रयोगशाळा दूर आहे ही अडचण खरी. पण नमुना सुमारे 4 अंश सेल्सिअसला ठेवल्यास 24 तासांपर्यंत चालतो. बर्फ घातलेला थर्मास पुरेसा होतो.

आणखी एक सावधगिरी. अतिसारात मूत्र अल्प होते ते बहुधा जलक्षयामुळे. तेथे गोक्षुर-पुनर्नवादी मूत्रल द्रव्यांची घाई नको. प्रथम जलसंजीवनी पाजावी आणि स्तनपान चालू ठेवावे. आमावस्थेत स्तंभन नको हे आपण जाणतोच. अफूयुक्त कल्प तर बालकास देऊच नयेत.

संसर्ग सिद्ध झाल्यावर योग्य प्रतिजैविक वेळेवर मिळाले पाहिजे, हे मान्य करण्यात कमीपणा कसला? गंभीर बालकाच्या बाबतीत तर अहवालाचीही वाट पाहू नये. आपली औषधे त्या उपचारास पूरक ठरावीत, त्यास विलंब लावणारी नव्हेत. आयुर्वेदाची प्रतिष्ठा रुग्ण आपल्याकडे अडवून ठेवल्याने वाढत नाही. वेळीच ओळखून योग्य ठिकाणी पाठवल्याने वाढते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. या पावसाळ्यापासून प्रत्येक बालरुग्णाच्या केसपेपरवर 'मल' या शब्दाशेजारी 'मूत्र' हा रकाना असावा आणि तो रिकामा राहू नये. शेवटचे मूत्र केव्हा झाले, होताना बालक रडले का, त्याचा वर्ण व गंध कसा होता, एवढे आईस विचारण्यास एक मिनिटही लागत नाही. बालक बोलत नाही. त्याच्या वतीने विचारणे हेच आपले काम आहे.