मोजमाप झाले, बंदोबस्त केव्हा?

ध्वनिवर्धकाचा वापर हे कोणत्याही धर्माचे आवश्यक अंग नव्हे, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाने २३ जानेवारी २०२५ रोजी दिला. कुर्ल्याच्या नेहरूनगरातील रहिवाशांच्या गृहनिर्माण संस्थांनी ही दाद मागितली होती. निकालातील धर्मविषयक वाक्याची चर्चा पुष्कळ झाली. आम्हांस मात्र त्यातील दुसरी एक आज्ञा अधिक बोलकी वाटते: तक्रारदाराचे नाव पोलिसांनी उघड करू नये. रात्री स्वस्थ झोप मागणाऱ्या गृहस्थास आपले नाव लपवावे लागावे, यातच शहराची अवस्था दिसून येते.

कायदा नाही, अशी सबब कोणास सांगता येणार नाही. २००० सालच्या नियमांनी निवासी वस्तीसाठी दिवसा ५५ व रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. मोजणीही होते, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मुंबईसह सात महानगरांत ध्वनिमापन केंद्रांचे जाळे २०११ पासून उभारले. परंतु ठरावीक जागी बसविलेल्या यंत्रास पलीकडच्या गल्लीतील मंडप कसा ऐकू जावा?

खरी मेख नियमांतच आहे. दिवसाची मर्यादा किमान दहा डेसिबलने ओलांडली गेली, तरच नागरिकास तक्रारीचा अधिकार पोहोचतो. (रात्रीच्या निर्बंधांचा भंग झाल्यास ही अट नाही, हे नमूद केले पाहिजे.) दहा डेसिबल म्हणजे किरकोळ वाढ नव्हे, तेवढ्याने ध्वनीची ऊर्जा दसपट होते. म्हणजे ५५ ही मर्यादा कागदावर, आणि तक्रारदारापुरती ती ६५! शिवाय हा हिशेब त्याने करावा कशाने? शिपाई येईपर्यंत मिरवणूक दोन चौक पुढे गेलेली असते.

उत्सवप्रसंगी वर्षातून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत ध्वनिवर्धकास मुभा देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. ती सवलत वेळेची आहे, आवाजाची नव्हे; मंडळांचे कार्यकर्ते आणि त्यांचे पुढारी हा भेद सोयीस्करपणे विसरतात.

आवाज झाल्यावर त्याच्या मागे धावण्यापेक्षा तो उगमापाशीच रोखणे शहाणपणाचे. ध्वनिवर्धकातच मर्यादा बांधणारी योजना असावी, याचा सरकारने विचार करावा, असे न्यायालयाने त्याच निकालात सुचविले आहे. ध्वनिवर्धकास लेखी परवानगी आजही लागतेच. ती देताना ही अट घालण्यासाठी, आमच्या मते, नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.