मुलांची देवाणघेवाण : कुणाची आणि कुणाशी?

शाळाप्रवेशाचे दिवस आले की शहरातल्या बड्या शाळांची गुळगुळीत माहितीपत्रके घराघरांत येऊन पडतात. पोहण्याचा तलाव, घोडेस्वारी, वातानुकूलित वर्ग या यादीत अलीकडे एका कलमाची भर पडली आहे : 'आंतरराष्ट्रीय विद्यार्थी देवाणघेवाण'. सोबतच्या छायाचित्रात आपली चार मुले लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या एखाद्या प्रसिद्ध वास्तूसमोर हात उंचावून उभी असतात. पालक भारावतात. पण यातली 'देवाण' कुठली आणि 'घेवाण' कुठली, हे त्या पत्रकात कुठेच सापडत नाही.

मी मुकुंदवाडीत राहतो. एका अंगाला जालना रोड आणि सिडकोच्या वसाहती, दुसऱ्या अंगाला रेल्वेमार्ग, पुढे चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आणि विमानतळ. कारखान्यांत कामाला म्हणून मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आलेली माणसे इथे स्थिरावली. विमाने डोक्यावरून जातात. त्यांत बसणारी मुले मात्र बहुधा जालना रोडच्या पलीकडची असतात. म्हणूनच या विषयाकडे जरा बारकाईने पाहावेसे वाटले.

विद्यार्थी-देवाणघेवाण ही कल्पना मुळात चैनीची नव्हती. ती युद्धाच्या राखेतून निघाली. 'एएफएस' ही आज जगभर पसरलेली संस्था पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना वाहून नेणाऱ्या अमेरिकी स्वयंसेवक रुग्णवाहिका-चालकांची. दोन महायुद्धे जवळून पाहिल्यावर या मंडळींच्या मनाने घेतले की, ज्याच्या घरी आपण जेवलो, ज्याच्या आईने आपल्या तापात रात्र जागून काढली, त्याच्यावर बंदूक रोखणे अवघड जाते. म्हणून १९४७ मध्ये त्यांनी शाळकरी मुलांना परक्या देशातल्या कुटुंबांत राहायला पाठवण्याचे काम हाती घेतले. त्याआधी एक वर्ष, १९४६ मध्ये, अमेरिकेत सिनेटर फुलब्राइट यांच्या नावाचा कायदा झाला. हे फुलब्राइट स्वतः तरुणपणी अमेरिकेतून ऑक्सफर्डला शिकायला गेले होते. फ्रान्स आणि जर्मनी यांनी तर पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर मिटवण्यासाठी १९६३ च्या करारानंतर दोन्ही देशांच्या मुलांसाठी स्वतंत्र कार्यालयच काढले. आजवर ९० लाखांहून अधिक तरुण त्यातून परस्परांकडे जाऊन आले आहेत.

अमेरिकी आणि ब्रिटिश शाळकरी मुलांची देवाणघेवाणही जुनीच. कुणी म्हणेल, दोघांची भाषा एक, मग एकमेकांकडे जाऊन शिकायचे काय? पण भाषा एक असली म्हणजे आयुष्य एक असते असे नाही. 'पब्लिक स्कूल' हा साधा शब्द घ्या. अमेरिकेत त्याचा अर्थ सरकारी, फुकट शाळा; इंग्लंडात तोच शब्द ईटनसारख्या अतिशय महागड्या खासगी शाळांना लावतात. 'फुटबॉल' म्हटले की एकाच्या डोळ्यांसमोर पायाने खेळायचा गोल चेंडू येतो, दुसऱ्याच्या हातात धरून पळायचा लांबोडका. आपल्याला जे 'स्वाभाविक' वाटते ते केवळ आपल्या गावचे असते, हा धडा पुस्तकातून मिळत नाही. तो दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात बसून मिळतो.

म्हणून सहल आणि देवाणघेवाण यांतला फरक पालकांनी नीट समजून घ्यायला हवा. सहलीत मूल हॉटेलात राहते, आपल्याच मित्रांबरोबर हिंडते आणि फोटो काढून परतते. देवाणघेवाणीत ते कुणाच्या तरी घरी राहते, तिथल्या वर्गात बसते, आणि मुख्य म्हणजे पुढे त्या घरचे मूल आपल्याकडे येते. ही तिसरी अट सर्वांत महत्त्वाची. नुसते जाऊन येणारा प्रवासी असतो. जो आपल्या घराचे दारही उघडतो, त्यालाच दुसऱ्याच्या घरी जाण्याचा अर्थ कळतो. या कसोटीवर घासले तर माहितीपत्रकांतल्या बहुतेक 'देवाणघेवाणी' सरळसरळ सहली ठरतील. सहलीत वाईट काही नाही, पण तिला तिच्या नावाने हाक मारावी आणि पैसे मोजताना ते ध्यानात ठेवावे.

आणि या दारांना राजकारणाची कडी असते, हेही विसरून चालणार नाही. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर ऑक्टोबर २०२१ पासून युरोपातल्या शाळकरी मुलांना नुसत्या ओळखपत्रावर इंग्लंडात येणे बंद झाले. पारपत्र काढा, असा नियम आला. ज्या घरांत पारपत्रे नव्हती त्यांची मुले मागे राहू लागली आणि शाळांनी इंग्लंडऐवजी दुसरे देश निवडले. अखेर २०२३ च्या डिसेंबरात फ्रान्सच्या शाळांपुरती ही अट सैल करावी लागली. अमेरिकेने मे २०२५ मध्ये विद्यार्थी आणि देवाणघेवाण व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबवल्या होत्या. आपल्याकडचे उदाहरण तर अधिक चटका लावणारे आहे. 'रूट्स टू रूट्स' या संस्थेच्या उपक्रमात भारत आणि पाकिस्तानच्या शाळांतली मुले एकमेकांना पत्रे लिहीत. मे २०१७ मध्ये सुमारे ५० पाकिस्तानी मुले आपल्या पत्रमित्रांना भेटायला दिल्लीत पोहोचली, आणि त्याच सुमारास नियंत्रण रेषेवर भारतीय जवानांची निर्घृण हत्या झाली. दौरा अर्धवट टाकून मुलांना परतावे लागले. देशाचा संताप रास्त होता. पण दोन्हीकडची बारा-तेरा वर्षांची मुले त्या दिवशी काय शिकली असतील, हा प्रश्न उरतोच.

मराठी वाचकाला खरे तर ही कल्पना परकी नाही. १९३० च्या सुमारास त्रिचनापल्लीच्या तुरुंगात साने गुरुजींचा सहवास दक्षिणेकडच्या आणि इतर प्रांतांच्या कैद्यांशी आला. एका देशाचे असून आपण एकमेकांना ओळखत नाही, याची खंत त्यांना लागली. तमिळ शिकून त्यांनी 'कुरल' मराठीत आणले. पुढे १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी 'आंतरभारती'ची कल्पना मांडली : भारताच्या सर्व भाषांचे आणि प्रांतांचे परस्परांशी नाते जोडणारी संस्था. वर्षभरात, ११ जून १९५० रोजी, गुरुजी गेले. त्यांच्या अनुयायांनी हे काम जमेल तसे पुढे नेले, मराठवाड्यातही नेले. परप्रांतीची मुले आपल्या घरी उतरवून घेण्याची रीत त्यातूनच रुजली. त्यात भपका नव्हता. एका पोळीची अर्धी पोळी करणारी घरे होती.

सरकारनेही २०१५ मध्ये 'एक भारत श्रेष्ठ भारत' जाहीर केले. राज्यांच्या जोड्या लावल्या. महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी जुळली. आता आपल्या घरातल्या शाळकरी मुलाला सहज विचारून पाहा : ओडिशातल्या एका तरी मुलाचे नाव तुला ठाऊक आहे का? फार तर शाळेत ओडिशी नाचाचा कार्यक्रम झाल्याचे तो सांगेल. नाच पाहणे आणि नाव ठाऊक असणे यांत जे अंतर आहे, तेच सहल आणि देवाणघेवाण यांतले अंतर.

पण मला त्याहून जवळचे अंतर अधिक अस्वस्थ करते. २०१९ च्या दुष्काळात मुकुंदवाडीतली नऊ-दहा वर्षांची मुले रिकामे हंडे-कळशा घेऊन रेल्वेत चढत, औरंगाबाद स्थानकावर पाणी भरत आणि परतीच्या गाडीने घरी येत. परदेशी वृत्तसंस्थेने ही बातमी जगभर नेली. लंडन-न्यूयॉर्कच्या वाचकांना आमची मुले दिसली. मात्र याच शहरात, दोन-चार किलोमीटरवर राहणाऱ्या किती मुलांना त्यांचे घर आतून ठाऊक होते? दोघांची भाषा मराठीच, दोघांच्या वर्गात शिवाजी महाराजांचा इतिहास तोच. तरी ही दोन शहरे आहेत, आणि त्यांच्यामध्ये व्हिसाची खिडकीही नाही, की जिथे निदान अर्ज तरी करता यावा.

गंमत अशी की यावरचा उपाय सरकारी कागदावर आधीच लिहिलेला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एक सरकारी आणि एक खासगी शाळा यांची जोडी लावावी, त्यांनी एकमेकांना भेटावे, एकमेकांकडून शिकावे, असे स्पष्ट म्हटले आहे. त्यासाठी पारपत्र लागत नाही, विमान लागत नाही. महापालिकेची एक शाळा आणि सिडकोतली एक इंग्रजी शाळा एवढे पुरे. सातवीच्या पंधरा मुलांनी आठवडाभर त्या वर्गात बसावे, पुढच्या आठवड्यात त्यांच्या सोबत्यांनी या वर्गात. दुपारचे जेवण एक दिवस याच्या घरी, एक दिवस त्याच्या.

हे वाचून अनेक घरांत भुवया उंचावतील, हे मी जाणून आहे. मुलींच्या सुरक्षिततेची काळजी रास्त आहे. म्हणून मुक्काम नको, दिवसाची भेट असावी, सोबत शिक्षिका असाव्यात, दोन्ही घरच्या पालकांची आधी गाठ पडावी. काही अडचणी मात्र बोलून दाखवल्या जात नाहीत. त्यांच्याकडे काय खायला देतील, ते कोणत्या जातीचे, कोणत्या धर्माचे, हे प्रश्न आपल्या मनात असतात आणि ते सुरक्षिततेच्या पदराखाली झाकले जातात. दुसऱ्या बाजूला एका खोलीत राहणाऱ्या आईला वाटते, आपल्या घरी त्या मुलाला बसवायचे कुठे? हा संकोच मी आमच्या गल्लीत ऐकला आहे आणि तो खोटा नाही. परंतु पाहुण्याला बसायला चटई दिली तरी तो पाहुणाच असतो. या घरांना आपण फक्त मदत घेणारी घरे समजत आलो; यजमान होण्याचा मान त्यांना कधी दिलाच नाही. वह्या-दप्तरे वाटणाऱ्या कार्यक्रमांपेक्षा हा मान त्या मुलाला ताठ उभे करील.

उलट बाजूच्या मुलाचा फायदाही लहान नाही. नळाला किती दिवसांनी पाणी येते यावर घराचे वेळापत्रक कसे बेतले जाते, हे एकदा पाहिलेले मूल उद्या अभियंता झाले, अधिकारी झाले, तर त्याच्या आराखड्यात हे घर असेल. लंडनच्या पुलासमोर काढलेल्या फोटोतून हे साधणार नाही.

परदेशी जाऊ नये असे माझे म्हणणे नाही. संधी मिळाली तर जरूर जावे. २००२ मध्ये अमेरिकेने सुरू केलेल्या 'यस' शिष्यवृत्तीसारख्या योजनांत खर्चाचा भार घरावर पडत नाही, त्यांची माहिती महापालिकेच्या शाळांपर्यंतही पोहोचावी. पण येत्या पालकसभेत, शाळा कोणतीही असो, मुख्याध्यापकांना दोन प्रश्न जरूर विचारा. आमचे मूल ज्यांच्याकडे जाणार, त्यांचे मूल आमच्याकडे कधी येणार? आणि शेजारच्या महापालिका शाळेशी आपली जोडी कधी लागणार? पहिल्याचे उत्तर माहितीपत्रकात कदाचित शोधावे लागेल. दुसऱ्याचे उत्तर आपल्याच हातात आहे.