‘ब्रह्मचारी’ आजही हसवतो का?

कोल्हापूर म्हटले की तालमी, खासबागेचे मैदान आणि भालजी पेंढारकरांचे ऐतिहासिक चित्रपट डोळ्यांपुढे उभे राहतात. मराठी मनाला शौर्याची आठवण करून देणारे शहर अशी त्याची ख्याती, आणि ती सार्थच आहे. परंतु याच शहराने मराठी चित्रपटाला स्वतःवर हसण्याचे धैर्यही दिले, याची आठवण क्वचितच काढली जाते. मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी १९३६ साली ‘हंस पिक्चर्स’ची स्थापना केली. आचार्य अत्रे यांच्या लेखणीतून उतरलेला ‘ब्रह्मचारी’ (१९३८) हा याच संस्थेचा चित्रपट. त्यापाठोपाठ ‘ब्रँडीची बाटली’ (१९३९) आला; चिं. वि. जोशी यांच्या चिमणराव-गुंड्याभाऊंना पडद्यावर आणणारा ‘लग्न पहावे करून’ (१९४०) आला. मराठी विनोदी चित्रपटाची पायवाट येथे पडली.

आज प्रश्न असा विचारला जातो की, हे जुने प्रहसनपट आता टिकतात काय? तरुण प्रेक्षकाला ते संथ वाटतात, तर वडीलधाऱ्यांना त्यांच्यावरील टीका सहन होत नाही. दोन्ही बाजू बाजूला ठेवून ‘ब्रह्मचारी’ची परीक्षा करणे उचित ठरेल.

कथा साधीच आहे. औदुंबर नावाचा एक तरुण ब्रह्मचर्यावरील आवेशपूर्ण व्याख्यान ऐकतो आणि भारावून जातो. घरातील नट्यांची चित्रे फेकून देतो, व्यायामाचा सपाटा लावतो आणि स्वावलंबनाचे धडे देणाऱ्या आश्रमवजा संस्थेत दाखल होतो. पुढे किशोरी समोर येते आणि व्रताचा डोलारा डळमळू लागतो. विनायकांचा औदुंबर, मीनाक्षी शिरोडकरांची किशोरी आणि आचार्यांच्या भूमिकेतील दामुअण्णा मालवणकर या त्रयीवर चित्रपट उभा आहे.

यातील काही भाग निश्चितच जुना झाला आहे. गाण्यांसाठी कथा थांबते, संवादांवर रंगभूमीची छाया आहे. शारीरिक व्यंगावरून हशा पिकविण्याची त्या काळातील सवय आजच्या सुसंस्कृत मनाला खटकते, आणि ती खटकावी हेच योग्य. मीनाक्षीबाई पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या तेव्हा उठलेले वादळ तर आजच्या पिढीला समजावूनच सांगावे लागेल. धक्का हा विनोदातील सर्वांत नाशवंत पदार्थ होय. तो एका पिढीपलीकडे जात नाही.

विडंबनाची अडचण याहून मोठी आहे. ज्याची नक्कल करावयाची ते मूळ प्रेक्षकाला ठाऊक असावे लागते. मूळ विस्मृतीत गेले की विडंबन पोरके होते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मात्र अनुभव नेहमीच तसा नाही. अत्रे यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये (१९२५) रविकिरण मंडळाच्या काव्यशैलीची यथेच्छ थट्टा केली. त्यातील अनेक मूळ कविता आज कोणी वाचत नाही, परंतु विडंबने वाचली जातात. अमेरिकेतील ‘एअरप्लेन’ (१९८०) हा विडंबनपट ‘झीरो अवर’ (१९५७) या गंभीर चित्रपटावर बेतलेला होता. मूळ चित्रपट विसरला गेला, विडंबन जगभर पाहिले जाते. याउलट ‘जाने भी दो यारों’मधील (१९८३) महाभारताचा प्रसंग रंगतो, कारण त्याचे मूळ भारतीय माणसाला पुसता येणारच नाही. तात्पर्य, विडंबन टिकते ते दोन कारणांनी. एक तर मूळ चिरंतन असावे लागते, नाहीतर विडंबनकाराने व्यक्तीऐवजी वृत्तीवर बोट ठेवलेले असावे लागते.

‘ब्रह्मचारी’ दुसऱ्या कारणाने टिकला आहे. एखादे व्याख्यान ऐकून एका रात्रीत आयुष्य बदलण्याची शपथ घेणारा औदुंबर आजही घरोघरी आहे. आज तो व्याख्यानाऐवजी भ्रमणध्वनीवरील चित्रफीत पाहतो, पहाटे उठण्याचा संकल्प सर्वांना कळवितो आणि आठवड्याभरात पांघरूण ओढून घेतो. विनायकांच्या धडपडीला हसू येते, कारण त्या धडपडीमागे माणूस आहे. ‘ब्रँडीची बाटली’मधील भोळा बगाराम औषधासाठी ब्रँडी शोधत भटकतो, तेव्हाही हशा मद्याला नसतो, त्याच्या निष्पापपणाला असतो. अंगविक्षेप स्वभावातून येतो तेव्हा तो टिकतो. नुसते तोंड वेडेवाकडे केले तर ते पुढच्या शुक्रवारपर्यंतही पुरत नाही.

आता थोड्या अवघड मुद्द्याकडे वळले पाहिजे. ‘ब्रह्मचारी’तील चिमट्यांचा रोख तत्कालीन संघकार्याकडे होता, असे चित्रपटाच्या काही अभ्यासकांनी म्हटले आहे. तो तसा होता असे गृहीत धरले, तर व्रत, व्यायाम आणि अनुशासन यांवर श्रद्धा असलेल्या वाचकाने या चित्रपटाकडे पाठ फिरवावी काय? तसे करण्याचे काहीच कारण नाही. चित्रपट हसतो तो उसन्या व्रताला. ज्याने व्रत खरोखर आचरले, त्याला औदुंबरची फजिती अधिक कळते. त्या वाटेवर किती जण घसरले हे त्यानेच पाहिलेले असते.

ही दृष्टी परकी नव्हे. सातव्या शतकातील पल्लव राजा महेंद्रवर्मा याने ‘मत्तविलास’ या संस्कृत प्रहसनात कापालिक आणि भिक्षू दोघांचीही भंबेरी उडविली. संत एकनाथांच्या भारुडांनी आणि तुकोबांच्या अभंगांनी ढोंगी साधूंना सोडले नाही. धर्म बळकट होता म्हणूनच दंभाला हसता आले. अत्र्यांचेच उदाहरण घ्यावे. ‘ब्रह्मचारी’ लिहिणाऱ्या याच गृहस्थाने पुढे ‘श्यामची आई’ (१९५३) निर्माण करून राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळविले. ज्याला मांगल्यापुढे नतमस्तक होता येते, त्यालाच दंभाची टर उडविण्याचा अधिकार पोहोचतो.

याचा अर्थ विनोदाच्या नावाखाली होणारी प्रत्येक अवहेलना सहन करावी, असा मुळीच नाही. श्रद्धेला लाथाडणे आणि श्रद्धेच्या नावाने चाललेल्या दिखाव्याला चिमटा काढणे यांत अंतर आहे. अत्रे-विनायकांना ते अंतर ठाऊक होते. आजच्या अनेक विनोदकारांना ते उमगलेले नाही, आणि आज प्रत्येक चिमट्याला घाव समजणाऱ्यांनाही ते उमगलेले नाही.

म्हणून ‘ब्रह्मचारी’ टिकतो की नाही, याचे उत्तर बव्हंशी प्रेक्षकाच्या हाती आहे. एखाद्या शनिवारी घरातील तीन पिढ्यांनी तो एकत्र बसून पाहावा. आजोबांनी संदर्भ सांगावेत, नातवाने संथपणाची तक्रार करावी. औदुंबर नट्यांची चित्रे फेकून देतो त्या क्षणी दोघांनाही एकदम हसू फुटले, तर प्रश्नाचे उत्तर मिळाले असे समजावे.