गृहिणींच्या शंका : माणसं किलोवर विकू नका!

बारामतीच्या एका भगिनींनी विचारलंय, ‘दीर अमेरिकेहून कायमचे परत आले. त्यांच्या मुलाची लेगोची चिमुकली माणसं पिशवीभर पडून आहेत. इंदापूरचे एक ओळखीचे दुकानदार किलोवर मागतात. देऊन टाकू का?’

मुळीच नाही! ही माणसं नगावर विकली जातात, अन् कधी एकाच नगाला उरलेल्या पिशवीएवढा भाव येतो.

आधी डोकं उपसून बघा. डोक्यावरच्या नि मानेच्या खुंटीवर बारीक अक्षरांत कंपनीचं नाव असतं. दोन्ही कोरी असली तर बहुधा नक्कल. हात-पाय हलणारा हा माणूस डेन्मार्कच्या या कंपनीने १९७८ साली काढला. तेव्हा सगळ्यांचा चेहरा एकच, दोन ठिपके आणि हसू. दाढीमिशा आल्या त्या १९८९च्या समुद्री चाच्यांबरोबर. १९९९पासून ‘स्टार वॉर्स’ची पात्रं निघाली, त्यांना गिऱ्हाईक चटकन मिळतं.

मग छपाई, काखेखालची चीर, पायांचा ढिलेपणा पाहावा. टोप्या, केस, तलवारी पिशवीच्या तळाशी असतात, त्या झाडून टाकू नका. त्यांच्यावाचून किंमत उतरते. कोमट साबणपाण्यात धुवावीत, पण उन्हात वाळवू नयेत, रंग पिवळा पडतो. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळ्यांशेजारी उभी केली असतील (केलीच असणार!) तर माती खरवडू नका, भिजवून सोडवा.

लोक मागतात तो भाव खरा धरू नये. ब्रिकलिंक या संकेतस्थळावर गेल्या सहा महिन्यांत कोणता नग कितीला गेला ते दिसतं.

आणि हो, पुतण्याला विचारलंत का? पिशवी त्याची आहे.