आधी नळ बघा, मग मशीन

वॉशिंग मशीन घेताना दुकानात बोलणं होतं ते किलोचं आणि हप्त्याचं. घरी नळाला पाणी कसं येतं, हे कुणी विचारत नाही. आणि समोरून कपडे घालायचं फ्रंट लोड की वरून घालायचं टॉप लोड, हा खरा निर्णय तिथेच आहे. फ्रंट लोडचा ड्रम आडवा. कपडे वर उचलले जातात, खालच्या थोड्याशा पाण्यात आपटतात. म्हणून पाणी टॉप लोडपेक्षा बरंच कमी लागतं, कापडही कमी झिजतं. पण या मशीनला पाण्याचा दाब हवा. गच्चीवरची टाकी डोक्यावरच असलेल्या वरच्या मजल्यावर तो अनेकदा मिळत नाही. मराठवाड्यात ज्या घरांत नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथे पिंपातलं पाणी बादलीने वरून ओतता येतं, ते टॉप लोडमध्येच. जिथे थेंबाथेंबाची किंमत, तिथेच पाणी वाचवणारं मशीन अडतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. शिवाय गुडघे दुखणाऱ्या आईला टॉप लोडपुढे वाकावं लागत नाही, हेही लहान कारण नव्हे. चोवीस तास दाबाने पाणी असेल, तर मात्र फ्रंट लोडच घ्या, आणि त्याला कमी फेसाचीच पावडर वापरा.