पांझरेचा फड : टंचाई वाटून घेणारा समाज

मराठी भाषेत काही शब्द असे आहेत की त्यांच्या पोटात समाजाचा सारा इतिहास सामावलेला असतो. ‘फड’ हा त्यांपैकी एक. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांचा फड असतो, जत्रेत कुस्त्यांचा फड रंगतो, तमाशाचा फड गावोगाव फिरतो. पेशवाईत सरकारी कचेरीलाही फड म्हणत. उसाचे उभे पीक म्हणजे तर फडच. अर्थ निरनिराळे दिसले, तरी बहुतेक ठिकाणी अनेकांनी एकत्र येणे आणि ठरलेल्या शिस्तीने काम करणे हा भाव समान आहे. या शब्दाचा आणखी एक अर्थ मात्र पुण्या-मुंबईच्या वाचकाला क्वचितच ठाऊक असतो. तो जाणून घ्यायचा तर धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या परिसरात जावे लागेल.

सह्याद्रीच्या कुशीत उगम पावलेली पांझरा पिंपळनेर, साक्री, धुळे असा प्रवास करीत मुडावदजवळ तापीला मिळते. या नदीवर, तसेच शेजारच्या बागलाणातील मोसम, आरम या नद्यांवर आपल्या पूर्वजांनी ठिकठिकाणी दगडी बंधारे घातले. बंधाऱ्याने पाण्याची पातळी थोडी उंचावायची, काठाने काढलेल्या पाटातून ते केवळ उताराच्या बळावर शेतापर्यंत न्यायचे आणि उरलेले पुन्हा नदी-नाल्याला सोडायचे, अशी ही रचना. तिला ना इंजिन लागे, ना वीज. जुन्या महसुली भाषेत मोटेच्या पाण्यावर भिजणाऱ्या जमिनीला मोटस्थळ, तर पाटाच्या पाण्यावर भिजणारीला पाटस्थळ म्हणत. काही शतकांची परंपरा असलेल्या या सिंचनाचेच नाव ‘फड पद्धती’.

बंधारे जगात सर्वत्र आहेत. खानदेशचे वैशिष्ट्य बांधकामात नाही, वाटपात आहे. बंधाऱ्याखालच्या भिजणाऱ्या जमिनीचे सामान्यतः चार भाग पाडीत. प्रत्येक भाग म्हणजे एक फड. एका फडात एका वर्षी सर्वांनी एकच प्रकारचे पीक घ्यायचे. एकात ऊस, दुसऱ्यात हंगामी धान्य, असे. पुढील वर्षी पिकांची अदलाबदल होई. त्यामुळे जमिनीचा कस टिके आणि सलग क्षेत्राला एकाच वेळी पाणी दिल्याने ते वायाही जात नसे.

खरे मर्म पुढेच आहे. प्रत्येक बागायतदाराची थोडी थोडी जमीन सर्व फडांत विभागलेली असे. पाऊस कमी झाला की पंच बसून निर्णय करीत, यंदा अमुक फड कोरडा ठेवायचा. त्यात सर्वांचीच जमीन असल्यामुळे नुकसानही सर्वांचेच होई. एकाचा मळा हिरवा आणि शेजाऱ्याचा करपलेला, असे दृश्य टळत असे. विपुलता वाटून घेणे सोपे असते. टंचाई वाटून घेण्याला मात्र संस्कार लागतो, आणि तो संस्कार येथे जमिनीच्या आखणीतच गुंफलेला होता!

व्यवस्था राबविणारी माणसेही गावचीच. पाणी पाटकऱ्याने सोडायचे, शेतकऱ्याने परस्पर दार उघडायचे नाही. पाटकऱ्यांवर हवालदाराची देखरेख, पिकाच्या राखणीला जागल्या. हंगामापूर्वी पाटातील गाळ काढायला बागायतदारांनीच उतरायचे.

स्पेनमधील वॅलेन्सिया शहरात दर गुरुवारी दुपारी बारा वाजता चर्चच्या दारात शेतकऱ्यांचे पाणी-न्यायालय भरते आणि तंट्यांचा तोंडी निवाडा होतो. युनेस्कोने २००९ मध्ये या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. बाली बेटावरील जलमंदिरांशी निगडित ‘सुबक’ पद्धतीला जागतिक वारशाचा मान २०१२ मध्ये मिळाला. सामाईक संपत्तीची लोक लूटच करतात, हा सिद्धान्त गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडला होता. तो सर्वत्र लागू पडत नाही, लोक स्वतःचे नियम करून अशी संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळू शकतात, हे दाखविणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. पांझरेकाठच्या शेतकऱ्याला हे सांगण्यासाठी कोणत्याही ग्रंथाची गरज नव्हती.

पण केवळ ‘आमच्याकडे हे सारे आधीच होते’ असे म्हणून छाती फुगविण्यात अर्थ नाही. आज काय आहे, हा खरा प्रश्न आहे. वरच्या अंगाला धरणे झाली. नदीचा बारमाही झरा आटला. विहिरी आणि पंप आल्यावर ज्याच्याकडे साधन, त्याचे पाणी, असा व्यवहार सुरू झाला. स्वतःची विहीर असलेल्याला पंचांचा निर्णय जाच वाटू लागला. वाटण्यांमुळे जमिनीचे तुकडे पडले आणि जुनी आखणी विस्कटली. काही गावांत फड तग धरून आहेत, अनेक ठिकाणी केवळ बंधारे उरले आहेत.

या पद्धतीलाही मर्यादा होत्या. ज्याची फडात जमीन नाही, त्याला पाण्यात वाटा नव्हता. म्हणून जुने जसेच्या तसे आणावे, असे कोणी म्हणणार नाही. तत्त्व मात्र आजही उपयोगी आहे. महाराष्ट्राने सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपविणारा कायदा २००५ मध्ये केला आणि पाणीवापर संस्थांना अधिकार दिले. कायदा अधिकार देऊ शकतो, एकमेकांवरील विश्वास देऊ शकत नाही. तो समाजालाच निर्माण करावा लागतो. टंचाईच्या वर्षी कोणते क्षेत्र कोरडे राहील आणि त्याची झळ सर्वांनी कशी सोसायची, हे प्रत्येक पाणीवापर संस्थेने पाऊस पडण्यापूर्वीच ठरवावे. विहिरींचे पाणीही याच हिशेबात धरावे, कारण भूगर्भातील पाणी बांधाच्या हद्दी मानीत नाही.

आणि एक काम तर आजच करता येण्याजोगे आहे. फडाचे नियम बहुतांशी तोंडी होते. ते जाणणारे वृद्ध पाटकरी अजून गावांत आहेत. शाळा-महाविद्यालयांतील तरुणांनी त्यांच्याजवळ बसून हे ज्ञान लिहून घ्यावे. दगडी बंधारे आणखी काही शतके उभे राहतील. पाणी वाटण्याची रीत मात्र माणसाबरोबर जाते.